पाठवणीतली मोकळी जागा

लग्नाच्या शूटिंगच्या धंद्यात मला एक गोष्ट लवकर कळली. लग्न होऊन चार-दोन वर्षं गेली, की लोकांना नवरा-नवरीत फारसा रस उरत नाही. मग ते त्यांच्या मागं काय दिसतंय ते विचारायला येतात.

काटेवाडीचे एक तात्या असेच आले होते. मुलीच्या लग्नाचं शूटिंग बघायचंय म्हणाले. मी लावून दिलं. हळद सुरू झाली तसं त्यांनी मला चित्र थांबवायला लावलं आणि नवरीच्या खांद्यावरून मागं बोट दाखवलं. तिथं एक कडुलिंबाचं झाड होतं आणि मांडवाचा एक दोर त्याला बांधलेला होता. ते झाड बांधाच्या अलीकडं होतं की पलीकडं, यावरून शेजाऱ्याशी त्यांचं वाजलं होतं, आणि झाड तर मधल्या काळात कुणीतरी तोडून टाकलं होतं. तात्यांनी मोबाइलवर पडद्याचा फोटो काढला, चहा घेतला आणि गेले. मुलीकडं त्यांनी पाहिलंही नाही. पुढं त्या बांधाचं काय झालं ते मला कळलं नाही. पण तेव्हापासून कुणी जुनं शूटिंग मागायला आलं, की मला आधी कुतूहल वाटतं, की याला नक्की काय बघायचं असेल?

मी बारामतीत एका मिक्सिंग सेंटरमध्ये काम करते. आता वय झालं म्हणून रोज जात नाही, पण किल्ल्या अजून माझ्याकडंच असतात. बाहेरच्या माणसाला मिक्सिंग म्हणजे काय ते सांगावं लागतं. लग्नात कॅमेरा घेऊन फिरणारा माणूस वेगळा आणि त्या सगळ्या तुकड्यांचा सिनेमा करणारा वेगळा. इंदापूर, निमगाव, शेळगाव, भिगवण इथले शूटिंगवाले आपली मेमरी कार्डं आमच्याकडं आणून टाकतात. आमची मुलं संगणकावर ती कापतात, जोडतात, गाणी घालतात. मी यातलं काहीच करत नाही. मी ते सगळं कुठल्या हार्डडिस्कवर कसं ठेवायचं ते बघते. माझ्या कामाला धड नाव नाही. शूटिंगवाले मला डेटावाल्या ताई म्हणतात.

हे काम म्हणजे बरंचसं स्वयंपाकघर लावण्यासारखं आहे. एकाच हातानं भाकरी थापायची आणि त्याच हातानं तव्यावरची उलटायची, असं केलं तर दोन्ही बिघडतात. डिस्कचंही तसंच असतं. जिच्यावरून मूळ चित्रण वाचायचं, तिच्यावरच तयार झालेला सिनेमा लिहायला लावला, की ती अडखळते, पडद्यावरची नवरी झटके देत चालायला लागते. म्हणून संगणक चालवणारी डिस्क वेगळी, कच्च्या मालाची वेगळी, तयार मालाची वेगळी. आवाजाच्या फायली लहान पण असंख्य, म्हणून त्यांना स्वतंत्र जागा. शिवाय प्रत्येक गोष्टीची एक प्रत दुसऱ्या छपराखाली. आमच्या मालकांनी त्यासाठी स्वतःच्या घरातलं एक कपाट दिलंय. दुकानाला आग लागली किंवा वीज पडली, तर एखाद्याचं लग्न निदान तिथं तरी शिल्लक राहावं.

नावं द्यायची पद्धतही माझी ठरलेली. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग गाव, मग नवरीकडचं आडनाव. वर्ष आधी लिहिलं, की संगणक आपणहून सगळी लग्नं ओळीनं मांडतो. आत पुन्हा कप्पे: हळद, लग्न, जेवणं, वरात, पाठवणी. पाठवणी मी मुद्दाम वेगळी काढते, कारण लग्नानंतर मुलीच्या आईचा पहिला निरोप हमखास तेवढ्यासाठीच येतो. आणि त्या कप्प्यातला मूळ आवाज कधीच वापरला जात नाही. रडणं, गाडीचे हॉर्न, 'पिशवी घेतली का' असली विचारपूस, हे सगळं बंद करून आमची मुलं वर सिनेमातलं एखादं रडवं गाणं घालतात. गिऱ्हाइकाला तेच आवडतं.

पण मूळ आवाज राहतो. भरलेली डिस्क आम्ही पुसत नाही, कपाटात ठेवतो. आमच्या मालकांना काही टाकून द्यायची सवय नाही, तुटकी तिपाईसुद्धा त्यांनी जपून ठेवलीय. फिरणारी डिस्क नुसती ठेवून दिली तरी खराब होते, म्हणून लग्नसराई संपली की मी एकेक काढते, जोडते, थोडा वेळ फिरवते आणि कान लावून ऐकते. बरी असली तर तिचा एकसारखा गुणगुणता आवाज येतो. टकटक यायला लागली, की तिच्यावरचं सगळं त्याच दिवशी दुसरीकडं हलवायचं.

अशीच एक डिस्क ऐकत बसले होते, तेव्हा रियाज आला.

चाळिशीचा माणूस, अंगात कारखान्याचा निळा शर्ट. शेळगावचा, लोणी देवकरच्या एमआयडीसीत कामाला. खुर्चीवर बसायला तयार नव्हता. त्यानं सांगितलं ते असं. त्याचे वडील दस्तगीर मास्तर. त्यांचा ब्रास बँड होता आणि ते स्वतः क्लारनेट वाजवायचे. इंदापूर तालुक्यात एके काळी त्यांच्या बँडशिवाय लग्न लागत नव्हतं. पाठवणीच्या वेळी ते एक चाल वाजवायचे. ती कुठल्या सिनेमातली नव्हती, त्यांची स्वतःची होती. नवरी उंबऱ्यातून निघाली की ती सुरू व्हायची आणि गाडीचं दार लागलं की थांबायची. बायका म्हणायच्या, मास्तरांचं क्लारनेट ऐकलं की न रडणारी पोरगीपण रडते. गेल्या वर्षी मास्तरांना अर्धांगाचा झटका आला. हात बराचसा सुधारला, पण तोंडाची एक बाजू गेली. आता ओठ क्लारनेटवर बसत नव्हते. बोलणंसुद्धा तुटक झालं होतं.

आणि रियाजच्या मुलीचं, आफरीनचं, लग्न ठरलं होतं. तिनं बापाला एवढंच सांगितलं होतं, की आजोबांनी साऱ्या तालुक्याच्या पोरी वाटेला लावल्या, माझ्या वेळेला दुसऱ्या कुणाचं वाजवायचं नाही.

"ताई, घरात त्यांचं एकबी रेकॉर्डिंग न्हाय," रियाज म्हणाला. "आमी कधी केलंच न्हाय. रोजचं माणूस, त्याचं कोण रेकॉर्डिंग करतंय? पण तुमच्या शूटिंगमधी मागं कुठं तरी वाजत आसंल की."

मला तो विचार एकदम पटला आणि दुसऱ्याच क्षणी माझी अडचण माझ्या लक्षात आली. मला तारीख सांगा, गाव सांगा, आडनाव सांगा, मी बसल्या जागी लग्न काढून देते. बँड कुणाचा होता हे मात्र मी कधीच कुठं लिहिलं नव्हतं. कुणी तसं विचारेल असं कुणाला वाटलं असतं? रियाजलाही कुठलं लग्न कधी वाजवलं ते आठवत नव्हतं, आणि मास्तरांना इतकं विचारणं शक्य नव्हतं. वापरलेलं गाणं नको, तयार सिनेमा नको, फक्त पाठवणीचा कप्पा आणि त्यातला टाकून दिलेला आवाज. मी त्याला म्हटलं, बघते, पण वेळ लागेल.

सुरुवातीला मी आवाजाच्या मागं न लागता कपड्याच्या मागं लागले. रियाजनं सांगितलं होतं, की बँडचा पोशाख डाळिंबी आणि बाहीवर पिवळी पट्टी. इंदापूरकडच्या गावांची लग्नं ओळीनं लावली आणि चित्र पळवत नेत गेले. कॅमेरा बँडकडं वळतच नाही, हे तेव्हा पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं. तो नवरीवर असतो, तिच्या आईवर असतो, गाडीच्या फुलांवर असतो. बँडवाला दिसतो तो कडेला, अर्धा. कुठं नुसतं कोपर, कुठं ढोलाची कड. पण पिवळ्या पट्टीची बाही दिसायला लागली. एका लग्नात, मग दुसऱ्यात. मग मी चित्र थांबवून हेडफोन लावायची.

चाल सापडली. ती कशी होती हे मला शब्दांत सांगता येणार नाही, मी गाण्यातली नाही. पण ती रडवी नव्हती. मला ती एखाद्या मोठ्या माणसानं दारात उभं राहून हळू आवाजात चार गोष्टी समजावून सांगाव्यात तशी वाटली. आजूबाजूला हुंदके चाललेले असताना ते क्लारनेट शांतपणे आपलं सांगत होतं. मी ते दोन-तीनदा ऐकलं.

आणि मग मला एक विचित्र गोष्ट दिसली. दिसली म्हणते, कारण मिक्सिंगच्या संगणकावर आवाजाचं चित्र दिसतं. मोठा आवाज असेल तिथं पट्टा जाड, बारीक असेल तिथं बारीक, ओढ्याच्या पात्रासारखा. या चालीच्या पट्ट्यात मध्येच एक चिंचोळी जागा होती. तिथं क्लारनेट बंद पडायचं. ढोल आणि ताशा हळू चालू असायचे, पण क्लारनेट नाही. मग थोड्या वेळानं ते पुन्हा सुरू व्हायचं, जणू काही झालंच नाही. मला वाटलं, मास्तरांना दम लागला असेल, किंवा कुणी मध्ये बोलायला आलं असेल. दुसरं लग्न काढलं. तिथंही तीच चिंचोळी जागा, चालीत त्याच ठिकाणी. तिसरं काढलं. वेगळं गाव, वेगळं वर्ष, आणि जागा तीच. प्रत्येक आवर्तनात यायची. नंतर नंतर तर मला ऐकावंच लागेना. पडद्यावर पट्टा पाहिला, की दस्तगीर मास्तर आहेत हे कळायचं.

मी आमच्याकडं येणाऱ्या एका जुन्या शूटिंगवाल्याला विचारलं. तो म्हणाला, व्हय, मास्तर मधीच थांबायचा, आमाला वाटायचं बँड बंद पडला. आणि आमच्याकडचा आवाज तसाही कापला जायचा, म्हणून त्यावर कुणी कधी बोललं नव्हतं.

मला त्या जागेचा छंदच लागला. चूक असती तर कधी इथं, कधी तिथं झाली असती. ही तर आखून ठेवल्यासारखी होती. रियाजला फोन केला तर त्याला काहीच माहीत नव्हतं. लहानपणापासून चाल अशीच ऐकली, म्हणाला. याहून जुनं काही मिळालं असतं तर उलगडा झाला असता, पण त्याआधीचं सगळं कॅसेटवर, आणि शूटिंगवाले एका लग्नाच्या कॅसेटवर दुसरं लग्न भरायचे. जुनं त्यात पुसून गेलेलं.

रियाज आला तेव्हा मी त्याला त्यातल्या त्यात स्वच्छ आवाज निवडून ऐकवला. शेळगावातलंच लग्न होतं, गाडी वेळेवर आली नव्हती, त्यामुळं चाल बराच वेळ चालली होती आणि हॉर्न नव्हते. तो शेवटी खुर्चीवर बसला. हेडफोन काढायला तयार नव्हता. नंतर म्हणाला, तेवढी मोकळी जागा काढून टाका आणि दोन्ही तुकडे जोडून द्या, नाहीतर ऐन पाठवणीत लोकांना वाटेल स्पीकर बंद पडला. आमच्याकडच्या मुलांसाठी हे डाव्या हाताचं काम. जोडून दिलं. कुठं सांधा कळत नव्हता. पण मला ते ऐकताना वाक्यातला शब्द गाळल्यासारखं वाटत होतं. मी म्हटलं, एकदा मास्तरांना ऐकवू या. खरं सांगायचं तर मला त्या जागेचं कारण हवं होतं.

रविवारी मी लॅपटॉप घेऊन रियाजबरोबर शेळगावला गेले. मास्तर अंगणात बाजेवर बसले होते. उंच, हाडापेराचा माणूस, डोक्याला टोपी, चेहऱ्याची डावी बाजू उतरलेली. रियाजनं माझी ओळख करून दिली. त्यांनी हात जोडले. शेजारी आफरीन येऊन बसली, मेंदीच्या गोष्टी बाजूला ठेवून. मी जोडलेली चाल लावली.

मास्तरांनी पहिल्या सुराला डोळे मिटले. चाल पुढं गेली. सांधा आला तिथं त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडं पाहिलं. मग मान हलवली. चाल संपेपर्यंत थांबले आणि जड जिभेनं म्हणाले, "खोडली."

मी ओशाळले आणि मूळ आवाज लावला, जागेसकट. आता ती जागा आली तेव्हा त्यांनी पुन्हा डोळे मिटले, मांडीवर बोटानं ठेका धरला, आणि क्लारनेट परत सुरू झालं तेव्हा हलकेच श्वास घेतला. रियाज म्हणाला, अब्बा, इथं तुमी का थांबायचा?

मास्तरांचा मांडीवरचा ठेका थांबला. त्यांना शब्द जुळवायला वेळ लागायचा, त्यामुळं ते बोलणार नाहीत की बोलू शकत नाहीत ते कळत नव्हतं. मग म्हणाले, "तितं इस्माईल हाय."

रियाजनं मान खाली घातली. आफरीननं त्याच्याकडं पाहिलं. घरात ते नाव निघत नव्हतं हे मला दोघांच्या चेहऱ्यावरून कळलं. परत येताना रियाजनं सगळं सांगितलं. इस्माईल म्हणजे मास्तरांचा धाकटा भाऊ. तोही क्लारनेट वाजवायचा. चाल दोघांची होती. मास्तर एक ओळ म्हणायचे, इस्माईल तिचं उत्तर द्यायचा. मग टेंपोवर स्पीकर, कीबोर्ड, बेंजो असं नवं युग आलं. इस्माईलला त्यात जायचं होतं, मास्तरांना नको होतं. एका लग्नाच्या वरातीत सगळ्यांसमोर दोघांचं बिनसलं आणि इस्माईल दुसऱ्या पार्टीत गेला, अकलूजकडं राहायला लागला. रियाज तेव्हा इतका लहान होता, की दोघांनी वाजवलेली चाल त्याच्या कानात उरलीच नव्हती. ईदला नाही, मयतीला नाही, दोन घरांचं येणंजाणं बंद झालं.

म्हणजे मी ज्या डिस्का धुंडाळल्या त्या सगळ्या इस्माईल गेल्यानंतरच्या होत्या. दुसऱ्या कुणाला त्या ओळी शिकवता आल्या असत्या. मास्तरांना स्वतःलाही वाजवता आल्या असत्या. त्यांनी ना त्या दुसऱ्याला दिल्या, ना स्वतः भरल्या, ना चाल आवळून घेतली. गावोगाव, लग्नामागून लग्न, ते आपली ओळ वाजवायचे आणि गप्प उभे राहायचे.

आम्ही निघताना मास्तरांनी रियाजला हातानं जवळ बोलावलं होतं. "त्याला बोलाव म्हनून सांगत न्हाय," ते म्हणाले. "मोकळं का हाय, तेवढं सांगितलं."

पण रियाज त्याच आठवड्यात अकलूजला जाऊन आला. चुलत्यानं चहा दिला, सगळं ऐकून घेतलं, येतो म्हणाला नाही आणि येत नाही असंही म्हणाला नाही. रियाजला वाटलं, विषय संपला.

चार-सहा दिवसांनी आमच्या सेंटरच्या दारात एक म्हातारा माणूस उभा राहिला. ठेंगणा, दाढीला मेंदी लावलेली. डेटावाल्या ताई तुमीच का, असं विचारलं. मी ओळखलं, पण ओळखल्याचं दाखवलं नाही. त्यांना बसवलं, हेडफोन दिला आणि शेळगावची पाठवणी लावली. पहिली मोकळी जागा आली तेव्हा ते समोरच्या पट्ट्याकडं बघत होते. दुसरी आली. तिसरी आली. संपल्यावर त्यांनी विचारलं, हे कधीचं? मी वर्ष सांगितलं. दुसरं हाय का? मी दुसरं लावलं, त्याच्या पुढच्या सालातलं. मग तिसरं. असं करत करत मी त्यांना सगळी वर्षं दाखवली, अगदी झटका येण्याच्या आदल्या हंगामापर्यंतची. आमची डिस्क आपली गुणगुणत होती. ते हेडफोन धरून बसले होते आणि प्रत्येक मोकळ्या जागेत त्यांची बोटं टेबलाच्या कडेवर दाबली जात होती.

शेवटी हेडफोन खाली ठेवून म्हणाले, "माझ्या दमाएवढीच जागा ठिवलीय त्यानं. कमी न्हाय, जास्त न्हाय."

मग उठले. लग्नाला येणार का, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण ज्या गोष्टीत आपण नसतो तिथं विचारायचं कसं? मी जिन्यापर्यंत सोडायला गेले. खाली जाताना त्यांनी एवढंच विचारलं, की पाठवणी किती वाजता ठेवलीय. मी म्हटलं, उन्हं कलल्यावर.

लग्न इंदापूरच्या एका कार्यालयात होतं. रियाजनं मला आग्रहानं बोलावलं होतं आणि चाल मीच लावावी असंही सांगितलं होतं. मी दोन्ही प्रती नेल्या, जोडलेली आणि मूळ. निकाह झाला, जेवणं झाली. मास्तरांना दाराशी खुर्ची दिली होती, नवी टोपी घालून ते बसले होते. माझं निम्मं लक्ष सारखं फाटकाकडं. इस्माईल कुठं दिसले नाहीत. रियाजही तिकडंच बघत होता.

पाठवणीची वेळ झाली. आफरीन दारात आली. मी रियाजला विचारलं, कुठली लावू? जोडलेली लावली असती तर कुणाला काही कळलं नसतं, आणि पाहुण्यांसमोर शोभाही राहिली असती. रियाजनं बापाकडं पाहिलं.

"मोकळी लावा," तो म्हणाला.

मी लावली. स्पीकरमधून मास्तरांचं क्लारनेट सुरू झालं आणि आवारातल्या म्हाताऱ्या बायकांनी एकदम माना वर केल्या. त्यांच्या पाठवणीत वाजलं होतं ते. पहिली ओळ संपली आणि मोकळी जागा आली. नुसता ढोल. लोक स्पीकरकडं बघायला लागले. साउंडवाल्या माणसानं पुढं होऊन वायरीला हात घातला, मी त्याचा हात धरला. मास्तर समोर बघत होते. ती जागा मी संगणकावर किती वेळा पाहिली होती, पण एवढ्या माणसांत ती एवढी मोठी वाटेल असं मला वाटलं नव्हतं. मला भीती वाटली, की आपण यांना सगळ्यांसमोर उघडं पाडलं. मग क्लारनेट पुन्हा सुरू झालं आणि पुढची ओळ गेली.

दुसरी मोकळी जागा आली तेव्हा फाटकाबाहेरून, जिथं गाड्या लावल्या होत्या तिथून, एक क्लारनेट वाजलं.

आवाज जरा फाटका होता. एक सूर घसरला आणि सावरला. पण उत्तर होतं ते. त्या चालीत काय राहून गेलं होतं ते मला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. मोठ्या माणसाच्या चार गोष्टींना दारातली मुलगी जणू, व्हय, ध्यानात ठेवते, असं म्हणत होती. रियाजनं तोंडावर हात ठेवला. लोकांनी वाट करून दिली आणि इस्माईल गाड्यांमधून वाजवत आत आले. अंगात साधा पांढरा सदरा. त्यांचा दम आता पूर्वीएवढा राहिला नव्हता. जागा संपायच्या आधी त्यांचा श्वास संपायचा आणि शेवटी थोडं मोकळं राहायचं, मग स्पीकरमधले मास्तर पुढची ओळ घ्यायचे. शूटिंगवाल्या मुलाला मी खुणेनं कॅमेरा तिकडं वळवायला सांगत होते. त्याचं माझ्याकडं लक्ष नव्हतं. तो नवरीवर होता.

नवरी रडत नव्हती. गाडीचं दार उघडं होतं, पण ती एक हात दारावर ठेवून ऐकत उभी राहिली होती. तिच्या सासरचेही थांबले. कुणी चला म्हणालं नाही.

चाल संपली तेव्हा इस्माईल मास्तरांच्या खुर्चीपुढं उभे होते. क्लारनेट खाली घेतलं, घाम पुसला. इतकी वर्षं न बोललेले दोन भाऊ, आणि शंभर माणसं बघतायत. मी जवळच होते म्हणून मला ऐकू आलं.

"उशीर केलास," मास्तर म्हणाले. शब्द जड होते, पण स्पष्ट होते.

"तुमी थांबला व्हता नव्हं, भाई," इस्माईल म्हणाले.

मास्तरांनी चांगला हात पुढं केला. इस्माईलनं तो धरून त्यांना खुर्चीतून उठवलं. दोघं मिळून गाडीपाशी गेले. मास्तरांनी नातीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मागं वळून सगळ्यांना म्हणाले, "पोरीला जाऊ द्या आता. गाडी खोळंबलीया."